जस्ताचे पिंजरे आणि बाईंचा कंट्रोल

डॉ. सुमित्रा ढवळे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांच्या टेबलावर माझे शिफारसपत्र होते. ते त्या एकदा चष्मा लावून आणि एकदा चष्मा काढून वाचत होत्या. मी नुकताच एम.एस्सी. झालो होतो आणि पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधत सायकलवरून पुणेभर हिंडत होतो. बाईंनी मान वर केली. "आपण हुशार आहात असं यात लिहिलंय. लिहिणाऱ्यांनी तुमच्या वर्गात आणखी कोणाकोणाला हुशार म्हटलंय?"

मी खरे ते सांगितले. "सगळ्यांनाच, मॅडम."

"मग आम्हाला कळायचं कसं? निदान एकाला तरी मठ्ठ म्हणायला हवं होतं. कंट्रोल नको का? आणि मॅडम नका म्हणू, बाई म्हणा. वडील काय करतात?"

"कसबा पेठेत दुकान आहे आमचं. जस्ती बादल्या, घमेली, पिंपं, पिंजरे."

"म्हणजे जस्त घरचंच," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला घेतले. माझी निवड गुणवत्तेवर झाली असे मी आजही चारचौघांत सांगतो. बाई समोर असल्या की सांगत नाही.

या 'कंट्रोल'विषयी दोन शब्द आधीच सांगायला हवेत, कारण त्याच्याशिवाय बाई सांगताच येत नाहीत. समजा, एखाद्या द्रव्याचा उंदरांवर काय परिणाम होतो ते पाहायचे आहे. तर काही उंदरांना ते द्यायचे आणि काहींना द्यायचे नाही. खाणे, पाणी, पिंजरा, उजेड, बाकी सगळे दोघांना अगदी सारखे. ज्यांना दिले नाही तो गट म्हणजे कंट्रोल. त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय द्रव्याने काय केले ते कळत नाही. हे शास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. फरक एवढाच की आम्ही ते प्रयोगशाळेचे दार लावताना आत ठेवून येतो आणि बाई ते पर्समध्ये घालून घरी नेतात.

त्यांच्या गच्चीत कढीपत्त्याच्या कुंड्या आहेत. निम्म्यांना खत मिळते, निम्म्यांना मिळत नाही. बाईंचे यजमान अण्णासाहेब हे बँकेतून निवृत्त झालेले अतिशय सोशिक गृहस्थ. ते उपाशी कुंड्यांना चोरून खत घालतात आणि बाई दरवर्षी चिडून म्हणतात, "फरक का दिसत नाही?" एकदा दोघांनाही खोकला झाला. शेजारच्या काकूंनी काढा सांगितला. बाईंनी तो अण्णासाहेबांना दिला आणि स्वतः घेतला नाही. खोकत खोकत काकूंना म्हणाल्या, "घरात दोनच माणसं. दोघांनी घेतला तर तुमच्या काढ्याला श्रेय कसं द्यायचं?" एका स्नेह्यांच्या लग्नपत्रिकेत 'आपल्या उपस्थितीने आमचा आनंद द्विगुणित होईल' असे वाक्य होते. बाईंनी 'द्विगुणित'खाली लाल रेघ मारून बाजूला 'कशावरून?' असे लिहिले होते. ती पत्रिका मी स्वतः पाहिली आहे. लग्नाला मात्र त्या वेळेवर गेल्या आणि पंगतीत वाढायलाही उभ्या राहिल्या.

हे वेड कुठून आले असे मी एकदा विचारले. बाईंचे वडील पोस्टात होते. छप्पन्न सालानंतर ज्या घरांनी धम्म स्वीकारला त्यांतले त्यांचे घर. वडील रोज जेवताना मुलांना सांगायचे की मी सांगतो म्हणून मानू नका, पुस्तकात आहे म्हणून मानू नका, या आणि बघा. "मग एकदा मी त्यांना म्हटलं, कारलं चांगलं असतं हेही मी मानत नाही," बाई म्हणाल्या, "तर म्हणाले, मान्य, आता ये आणि खाऊन बघ." बाई आजही कारले खातात. आवडते असे मात्र त्यांनी कधी म्हटलेले नाही.

आता त्यांच्या कामाविषयी. मी त्यांच्याकडे दाखल झालो त्या वर्षांत पुण्याला दोन वेडे एकदम लागली होती, सॉफ्टवेअरचे आणि नॅनोचे. हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उगवत होत्या. सदाशिव पेठेत जिथे संस्कृतच्या शिकवण्या चालत, त्याच खोलीत कॉम्प्युटरचे क्लास लागले होते आणि चपला काढून आत येण्याची पाटी तेवढी जुनी होती. बाजारात नॅनो साबण, नॅनो मलम, नॅनो मोजे असे काहीबाही येत होते. आपल्या वस्तूत नवे काय आहे हे ज्याला सांगता येत नसे, तो तिला नॅनो म्हणे.

बाई त्याच्या पुष्कळ आधीपासून जस्ताच्या अतिसूक्ष्म कणांवर काम करत होत्या. जस्त शरीराला लागतेच. वाढीला लागते, जखम भरायला लागते, तोंडाला चव यायलासुद्धा लागते. पण ते मिठासारखे आहे, बेताने पडले तर भाजी आणि मूठभर पडले तर ओकारी. त्यातून कण अतिसूक्ष्म झाला की तो पेशीच्या आत जाऊन विरघळू शकतो. आत जस्त फार मोकळे झाले की पेशी कासावीस होऊन मरते. पेशी आणि प्राणी कुठवर हे सोसतात आणि कुठून पुढे सोसत नाहीत, ती रेघ शोधणे हे बाईंचे काम. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी त्या सूक्ष्मदर्शकातून अशा पाहत, की जणू पाळण्यातले मूल झोपले की नाही ते बघताहेत. पेशी मेल्या तर दिवसभर कमी बोलत. "आपणच मारल्या ना," एवढेच म्हणत आणि पुढच्या बशीकडे वळत.

माझ्या प्रबंधाचा पेशींचा भाग आटोपला आणि उंदरांचा सुरू व्हायचा होता, त्या सुमाराला श्री. देवकर आमच्याकडे आले. देवकर अमेरिकेत सॉफ्टवेअरच्या वाहत्या गंगेत हात धुऊन परत आले होते आणि आता कोंबड्यांच्या खाद्यात घालायची जस्ताची नॅनो पूड काढणार होते. माणूस दिलदार, बोलणे सगळे इंग्रजीत आणि क्रियापदे तेवढी मराठी. पूड सुरक्षित ठरली तर कंपनीत प्रयोगशाळा काढणार आणि ती मी सांभाळणार, असे त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकले. माझी शिष्यवृत्ती संपत आली होती. प्रबंध आणि नोकरी, दोन्ही आता त्या उंदरांच्या हातात होते. की पायांत म्हणावे, मला नक्की सांगता येत नाही.

उंदरांना पिंजरे हवे होते. परदेशी पिंजऱ्यांचे भाव ऐकून बाईंनी पदर खोचला. "एवढ्यात तर उंदरांना फ्लॅट येईल," त्या म्हणाल्या आणि थेट कसब्यात आमच्या दुकानावर आल्या. आमचे अब्बा हातातले काम टाकून उभे राहिले. मुलाच्या बाई दुकानात आल्या हा त्यांच्या दृष्टीने आमच्या खानदानाचा सत्कार होता.

"मजबूत हवेत. गंज नको. उंदीर रोज धुतल्यासारखे ओले करतात," बाईंनी सांगितले.

"बाई, बेफिकीर राहा. जस्ती जाळीचे करतो. तयार झाले की पुन्हा सबंध वितळलेल्या जस्तात बुडवून आणतो, स्वतः उभा राहून. तुमची नातवंडं प्रोफेसर होतील, पिंजऱ्याला गंज नाही धरणार."

पिंजरे आले ते चांदीच्या ताटांसारखे लखलखत. बाईंनी प्रत्येकावरून बोट फिरवले आणि अब्बांना म्हणाल्या, "सुरेख." अब्बा पुढे कित्येक दिवस हा एक शब्द गिऱ्हाइकांना सांगत होते. वाचकांच्या आत्तापर्यंत लक्षात आलेच असेल. जस्ताचा परिणाम पाहायला आम्ही उंदरांना जस्ताच्या घरात राहायला पाठवले होते. आमच्या प्रयोगशाळेत तीन डॉक्टरेट होत्या आणि एक होऊ घातलेली. कुणाच्याही ते लक्षात आले नाही.

प्रयोग संपला. ज्यांना पूड दिली ते उंदीर आणि ज्यांना दिली नाही ते उंदीर, दोघांत काडीचाही फरक नाही. देवकर खुर्चीतून उठलेच. "बाई, झीरो डिफरन्स म्हणजे झीरो साइड इफेक्ट! बेसिकली आपण सेफ आहोत!" त्यांनी कार्यक्रमासाठी हॉल ठरवला, बाईंना प्रमुख पाहुण्या केले आणि माझ्या नावाची नोकरी तिथेच व्यासपीठावरून जाहीर करायचे ठरवले. अब्बांनी शेरवानी इस्त्रीला टाकली.

बाईंचे लक्ष मात्र तिकडे नव्हते. तपासणीचे आकडे त्या पुन्हा पुन्हा चाळत होत्या. शेवटी मला म्हणाल्या, "सलीम, दोघे सारखे आहेत हे कळलं. पण दोघे सारखे बरे आहेत, का सारखे बिघडलेत?"

मी म्हटले, "बाई, एक गट तर कंट्रोलच आहे."

"हो. पण कंट्रोलला कंट्रोल कुठाय?"

शेजारच्या विभागात दुसऱ्या कामासाठी ठेवलेले उंदीर होते, प्लास्टिकच्या पिंजऱ्यांत. बाईंनी त्यांचे रक्त तपासून घेतले. आमच्या 'काही न दिलेल्या' उंदरांच्या रक्तात जस्त त्यांच्याहून कितीतरी जास्त निघाले. यकृतेही सुजलेली होती. मग बाईंनी पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकली, चहाचा कप हातात घेतला आणि दुपारभर नुसत्या बसून राहिल्या. मी मागे उभा होतो. एक गुबगुबीत उंदीर, ज्याला आम्ही जस्ताचा कणही द्यायचा नाही म्हणून जपले होते, तो समोरचे उत्तम खाणे सोडून दोन पायांवर उभा राहिला आणि माझ्या अब्बांनी स्वतः उभे राहून बुडवून आणलेली जाळी मोठ्या प्रेमाने कुरतडू लागला. मग त्याने ती चाटली.

बाईंनी कप खाली ठेवला आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मला हसू येत नव्हते. माझा प्रबंध त्या उंदराच्या पोटात गेलेला मला दिसत होता.

बाईंनी देवकरांना फोन करून जाळीचे सांगितले आणि कार्यक्रम पुढे ढकला, नाहीतर मी तिथेच हे बोलेन, असे बजावले. "इम्पॉसिबल, बाई, बॅनर छापलेत, केटरर ठरलाय," देवकर म्हणाले, "आणि पब्लिकली कशाला? आपण नंतर क्वाएटली रिपीट करू." मग बाई कार्यक्रमाला गेल्या. मागे 'संपूर्ण सुरक्षित' असा फलक, समोर भरलेले सभागृह, तिसऱ्या रांगेत शेरवानीतले अब्बा. बाईंनी माईक हातात घेतला आणि वर्गात बोलतात तशा बोलल्या.

"या पुडीने उंदरांत फरक पडला नाही हे खरं आहे. कारण पूड न दिलेल्या उंदरांनाही जस्त मिळत होतं. ते पिंजरा चाटत होते. पिंजरे जस्ती होते. जस्ती असू नयेत हे मला कळायला हवं होतं, ते कळलं नाही, तर ही चूक माझी आहे. सलीमचं काम चोख आहे. ज्यांनी पिंजरे केले त्यांचं तर इतकं चोख आहे, की उंदरांना खाण्यापेक्षा ते आवडले. पूड सुरक्षित आहे की नाही, हे मला आज माहीत नाही. माहीत झालं की सांगेन. तोपर्यंत कृपया कोणी कोंबड्यांना देऊ नये. जेवण मात्र घ्यावं, केटरर चांगला आहे."

टाळी वाजवावी की नाही हे सभागृहात कुणाला कळेना. नोकरी अर्थातच जाहीर झाली नाही. मी अब्बांसोबत घरी निघालो. ते वाटभर माझ्या दोन पावले पुढे चालत होते. माझी नोकरी गेली, पदवी लांबली, वडिलांना केवढा धक्का बसला असेल, असे माझ्या मनात चालले होते. घराच्या पायरीवर ते थांबले आणि अत्यंत दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "माझं जस्त उतरलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पुन्हा दुकानात हजर. पिशवीत कुरतडलेल्या जाळीचा तुकडा होता. अब्बांनी 'या' म्हटले, पण स्टूल पुसून दिले नाही. इतका राग मी त्यांना कधी आलेला पाहिला नव्हता.

"भाईजान, मी माफी मागायला आलेय," बाई म्हणाल्या. "मागवताना चुकले मी आणि भर सभेत नाव आलं तुमच्या कामाचं."

"बाई, माफी राहू द्या. कसब्यात विचारा, माझ्या बादलीचं जस्त उतरलेलं कोणी बघितलंय का. उंदराच्या जिभेनं उतरतंय म्हणजे मग मी इतकी वर्षं काय केलं?"

बाईंनी तुकडा पुढे केला. "जिभेनं नाही फक्त. दात बघा."

अब्बांनी चष्मा चढवला, तुकडा उजेडात धरला, नखाने चाचपला. तारेवर बारीक बारीक चरे होते.  मग त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. "या अल्ला, दात आहेत का कानस! अहो, असं घासलं तर रेल्वेचा रूळ झिजेल. यात माझ्या मुलाम्याची काय चूक?"

"काहीच नाही. तेच सांगायला आले."

स्टूल पुसले गेले. चहा आला. ते पिंजरे बाईंनी स्वतःसाठी मागून घेतले आणि आजही त्यांच्या स्वयंपाकघरात त्यांत कांदे-बटाटे असतात. "बटाटे चाटत नाहीत," असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगतात.

प्रयोग पहिल्यापासून करावा लागला. त्या वर्षी बाई लेकीकडे परदेशी जायच्या होत्या, बाळंतपणासाठी. त्यांनी अण्णासाहेबांना पाठवले. अण्णासाहेबांनी तिथे डिंकाचे लाडू कसे केले, हा वेगळ्या गौरवग्रंथाचा विषय आहे. रविवारी आमच्याकडे पिंजरे धुणारा नसे, तर बाई पदर खोचून स्वतः मोरीवर बसत आणि प्लास्टिकचे पिंजरे घासत. "मी चुकले म्हणून तुझं वर्ष गेलं," असे त्या एकदाच म्हणाल्या.  माझ्यासाठी इतके कोणी केले नव्हते. मी पिंजरे पुसत राहिलो.

या वेळी फरक स्पष्ट दिसला. बेताने दिलेल्या पुडीने उंदीर ठणठणीत राहिले, थोडे बाळसेही धरले. जास्त दिलेल्यांची यकृते सुजली. रेघ सापडली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पिंजऱ्याचे प्रकरण वाचून मला विचारले, "ही एवढी प्राथमिक चूक नेमकी कोणाची?" मार्गदर्शकाने तिथे बोलायचे नसते. बाईंनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला आणि म्हणाल्या, "माझी." परीक्षक हसले, मी डॉक्टर झालो. देवकरांनी पुढे पाकिटावर ठळक अक्षरांत 'यापेक्षा जास्त देऊ नये' असे छापले आणि त्यांचा धंदा बरा चालला. मला नोकरी त्यांच्याकडे नाही, शिकवण्याची मिळाली, आणि ते बरेच झाले.

पंच्याहत्तरीनिमित्तच्या या गौरवग्रंथाची कल्पना बाईंना सांगायला आम्ही विद्यार्थी गेलो, तेव्हा त्यांनी लेखकांची यादी ऐकून घेतली आणि अपेक्षित तेच म्हणाल्या. "सगळे माझ्या बाजूचेच. कंट्रोल कुठाय? माझ्यामुळे ज्याचं नुकसान झालंय असा एक तरी घ्या, नाहीतर प्रकाशनाला मी काही यायची नाही." आम्ही देवकरांना गाठले. त्यांनी आनंदाने होकार दिला आणि आठवडाभराने फोन केला. "सॉरी, डॉक्टर. बाईंच्या अगेन्स्ट लिहायला बसलो. बेसिकली अर्ध्या पानानंतर स्तुतीच व्हायला लागली. दुसरा कोणी बघा." दुसरा आम्ही पुष्कळ शोधला. बाईंच्या जवळपास राहून ज्याच्या अंगात त्यांचे थोडेसुद्धा उतरले नाही असा माणूस आम्हाला पुण्यात मिळाला नाही. तेव्हा कंट्रोलविना हा ग्रंथ बाईंनी चालवून घ्यावा अशी विनंती आहे. बाई भेटल्या नसत्या तर मी कोण झालो असतो, हेही मला ताडून बघता येत नाही. बघायची इच्छाही नाही. माझे त्यांच्यावर प्रेम आहे, आणि 'कशावरून' ते वर लिहिले आहे.

राहता राहिल्या शुभेच्छा. त्या मी लिहिणार होतो, पण अब्बांनी ते काम माझ्या हातून काढून घेतले. अब्बा आता फार थकले आहेत. प्लास्टिक आल्यापासून बादल्या गेल्या आणि दुकानही कधीच बंद झाले. बाईंची पंच्याहत्तरी आहे असे मी सांगितले, तर त्यांनी माळ्यावरची हत्यारे काढायला लावली. कुंड्यांना पाणी घालायच्या दोन जस्ती झाऱ्या केल्या, अगदी सारख्या, एकमेकींशी ताडून ताडून. बुडवून आणायलाही रिक्षातून स्वतः गेले.

"दोन कशाला, अब्बा?" मी विचारले.

"एक बाईंनी रोज वापरायची. दुसरी नुसती ठेवायची, ती तुमची ती... कंट्रोल. मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचं, माझं जस्त उतरतं का."

"कधी बघायचं?"

"घाईनं नाही कळत जस्ताचं. बाईंना शंभरावं लागेल तेव्हा बघू दे. मी नसेन, तू सोबत जा. आणि सांग, मधेच सोडायचा नाही म्हणावं प्रयोग."

झाऱ्या मी काल बाईंच्या घरी पोचवल्या आणि निरोप सांगितला. बाईंनी दोन्हींवरून बोट फिरवले, 'सुरेख' म्हणाल्या, आणि एकीच्या बुडाला लाल शाईने त्या दिवसाची तारीख घातली.